गिधाडांना चालेल असं मरण

त्या आठवड्यात माझ्या सदरात शेरा मारण्याजोग्या तीन बातम्या होत्या. परदेशातल्या एका फ्रिजने आपल्या मालकाच्या अवेळी खाण्याबद्दल विमा कंपनीकडे चहाडी केली. चंद्रावर एका यंत्राने पालक पिकवला. खायला तिथे कोणी नव्हतं. आणि न्यायालयाने निकाल दिला की मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याचा पारशी समाजाचा हक्क धर्मस्वातंत्र्यात पूर्णपणे मोडतो, फक्त त्या देहात गिधाडाला अपाय करील असं औषध सापडता कामा नये.

पहिल्या दोन बातम्यांवर मी चार-चार ओळी खरडल्या. तिसरीवर लिहिलं, 'धर्माचं स्वातंत्र्य अबाधित आहे. आजारी पडायचं स्वातंत्र्य तेवढं जपून वापरावं.' आणि रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे मजकूर घेऊन नोशिरकडे गेलो.

नोशिर सुखडवाला हा आमच्या कोळंबघाटचा चष्मेवाला. अर्ध्या गावाने जग पाहिलं ते त्याच्या काचांमधून. माझा मजकूर छापखान्यात जाण्याआधी तो ऐकायचा आणि फसला असेल तर तोंडावर सांगायचा. एवढं धैर्य माझ्या कुठल्या संपादकाला झालं नाही.

त्या दिवशी तो व्हरांड्यातल्या खुर्चीत नव्हता, आतल्या पलंगावर होता. मी वाचलं. पहिल्या दोन शेऱ्यांवर तो हसला. तिसऱ्यावर त्याने हात वर केला.

"खळ्या, हा छापू नको."

"फसलाय?"

"नाय रे बावा, जमलाय. म्हणूनच सांगतो. पेरीन वाचेल आणि समजेल, तू तिच्या बाजूला आहेस."

पेरीन त्याची मुलगी. दाराशी लापशीची वाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काकांना माझ्या बाजूचं व्हायला काय झालं? माझी बाजू सोपी आहे. पप्पांना दुखू नये, एवढीच."

प्रकरण काय होतं, ते ज्यांनी आकाश रिकामं असतानाचे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो.

आपल्याकडे गिधाडं नाहीशी झाली ती गुरांच्या वेदनाशामक औषधाने. ते औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. एरवी विष्ठेतून बाहेर पडणारं युरिक आम्ल मग शरीरातच साचे, आणि हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढे. दोनेक दिवसांत पक्षी मान टाकून बसे आणि फांदीवरून खाली पडे. माणसांना, गुरांना, कुत्र्यांना ज्या औषधाने आराम पडतो त्याच औषधाने हे होतं, हे कळेपर्यंत बहुतेक गिधाडं संपली होती. पारशांचे दोखमे, म्हणजे उघड्या छताचे ते गोल दगडी मनोरे, पक्ष्यांविना ओस पडले. आमच्या दोखम्यावर तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारे मोठे आरसे बसवले गेले. ते बसवले नोशिरने. काचेचं काम, गावात दुसरं कोण करणार? पावसाळ्यात ते आरसे नुसते धुतले जात.

मग प्रजनन केंद्रं निघाली. आमच्या घाटातल्या केंद्रात डॉ. रेवती टिळेकर नावाच्या बाईंनी गिधाडं वाढवली आणि कड्यावर सोडली. आरशांच्या लखलखाटाने पक्षी बिचकतात म्हणून आरसे उतरवले गेले. तेही नोशिरनेच उतरवले, आणि त्या दिवशी सगळ्या गावाला फालुदा पाजला.

पण गिधाडं परत आली तशी त्यांच्यामागोमाग यंत्रही आलं. मुठीत मावणारं. मृताच्या बोटातल्या रक्ताचा थेंब त्यावर ठेवला की शेकडो औषधांचा माग ते लावतं. हिरवा दिवा लागला तर देह दोखम्यात, लाल लागला तर तालुक्याच्या विद्युतदाहिनीत. आणि नियम असा की अपायकारक ठरलेलं औषध तर लालच, पण ज्याची गिधाडांवर तपासणी झालेली नाही, तेही लाल. कोणी ठरवून दुष्टपणा केलेला नव्हता. मोजक्या पक्ष्यांवर कोण प्रयोग करू देणार? म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून परवानगी नाही.

एक सौम्य गोळी गिधाडांना चालते, हे आधीच सिद्ध झालं होतं. ती नोशिर घेत होता. पण त्याचा कर्करोग हाडांत उतरला होता, आणि तिथपर्यंत त्या गोळीचे हात पोचत नव्हते. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं होतं. बाटली फळीवर होती, सीलबंद.

"हे बघ," नोशिर मला म्हणाला, "रोज सकाळी उठून ज्या आतशला डोकं टेकवलं, त्याच्यातच माझं मढं टाकायचं? आग आपली पाक चीज आहे. तिच्यात घाण नाय घालायची."

"विद्युतदाहिनीत ज्वाळा नसते म्हणतात."

"म्हणजे टोस्टर," तो म्हणाला. "आयुष्यभर दुसऱ्यांना आरशात भाजायची सोय केली, आता स्वतः टोस्टरमध्ये जाऊ? आणि अजून एक सांगतो. माणूस मेला की त्याच्याकडे द्यायला काय उरतं? अंग. ते भुकेल्या पक्ष्याला दिलं की हिशेब साफ. आमच्यात हे शेवटचं दान आहे. दानात भेसळ नाय करायची, खळ्या."

मी विनोदी लेखक; मजकुराची घडी खिशात घालून उठलो.

व्हरांड्यात पेरीनने मला अडवलं. ती शाळेत भूगोल शिकवते. हातवारे करत बोलते. त्या दिवशी हात पदरात धरून बोलत होती.

"काका, तुम्ही त्यांना समजवा. माझं ते ऐकत नाहीत. म्हणतात, तू मुलगी आहेस, तुला माझं दुखणं दिसतं, माझं मरण दिसत नाही."

"एरवदांना विचारलंस?"

एरवद फ्रेदून हे आमच्या अगियारीचे, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराचे, धर्मगुरू. पन्नाशीचे, काटकुळे, नियमाला पक्के.

"विचारलं. ते म्हणाले, सहन करण्याला पुण्य आहे असं आमचा धर्म कुठेही सांगत नाही, औषध जरूर द्या. मी म्हटलं, मग दोखमा? तर म्हणाले, दोखम्याचं माझ्या हातात नाही, यंत्राच्या हातात आहे. प्रत्येकाचं बरोबर आहे, काका. न्यायालयाचं बरोबर, रेवतीताईंचं बरोबर, एरवदांचं बरोबर. आणि पप्पा चष्म्याची डबी दातात धरून पडलेत."

तिने आतून ती डबी आणून दाखवली. जुनी, कातडी, वर नोशिरच्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत. झाकणावर दातांच्या खुणा होत्या. एके ठिकाणी कातडं फाटून खालचा पत्रा दिसत होता.

मी तिसरा शेरा खोडला. त्या आठवड्यात फ्रिज आणि पालक एवढंच छापलं गेलं. वाचकांना आवडलं.

मला करण्याजोगी एकच गोष्ट दिसत होती. रेवती टिळेकरांना घेऊन नोशिरकडे गेलो. चाळिशीतली बाई, उन्हाने रापलेली, अंगाला केंद्रातल्या औषधांचा वास. तिच्या बोलण्यात आडपडदा नसतो. पक्ष्यांत राहून तसं होत असावं.

"नोशिर अंकल, खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "मॉर्फिनने गिधाड मरतं की नाही, मला माहीत नाही. माझा अंदाज आहे की मरत नसावं. पण माझ्या अंदाजावर मी कड्यावरची जोडपी पणाला लावणार नाही. आत्ता घरट्यांत पिल्लं आहेत."

"अंदाज नको. एवढी वर्षं मग तू करते काय? नुसती पिल्लं मोजते?"

"मी ताटल्या लावून बसलेय," ती म्हणाली, आणि समजावून सांगायला लागली. गिधाडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी तिने काचेच्या ताटल्यांत वाढवल्या होत्या. त्यांच्यावर एखादा पदार्थ सोडला की पेशी तगतात की मरतात ते दिसतं. पक्ष्याला हात लावायला नको. "पण बाटलीतलं औषध त्यांच्यावर टाकून उपयोग नाही. माणसाच्या यकृतातून गेलं की त्याचं दुसरंच काहीतरी बनतं. जिवंत माणसाचं रक्त घेऊनही भागत नाही, कारण गिधाड मांस खातं, यकृत खातं. मला मॉर्फिनवर असलेल्या माणसाच्या यकृताचा आणि स्नायूचा तुकडा पाहिजे, मृत्यूनंतर लगेच. बस."

"मग घे ना. देशात माणसं काय कमी मरतात?"

"दवाखान्यांना दान मिळालेले देह माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांत टिकवायचं औषध भरलेलं असतं. बाकीच्यांकडे गेले तर 'गिधाडांसाठी' हा शब्द ऐकला की लोक दार लावतात. आणि ज्यांना गिधाडांची गरज आहे, ते..."

नोशिरने वाक्य पूर्ण केलं. "ते पारशी. आणि आमच्या अंगाला मेल्यावर सुरी लावायची नाय."

"हो."

"म्हणजे कोणीतरी पारश्याने मॉर्फिन घ्यायचं. मग मरायचं. मग तुला तुकडा कापू द्यायचा. एरवद म्हणणार देह नासला. यंत्र म्हणणार लाल. आणि तो बिचारा जाणार टोस्टरमध्ये. कशासाठी? तर दुसऱ्या कोणाला कळावं म्हणून. आणि कळल्यावर कदाचित असं कळणार की औषध वाईटच होतं."

"हो, अंकल."

"साला, असा येडा तुला कुठे भेटणार?"

पेरीन खिडकीबाहेर बघत होती. नोशिरने डोळे मिटले आणि हाताने आम्हाला जायची खूण केली.

वाटेत मी रेवतीला विचारलं, "तुम्ही त्याला विचारायलाच आला होतात?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून आले," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण वाटेत मनात आलं होतं. त्याची लाज वाटते."

त्यानंतरचे दिवस मी तपशिलाने सांगत नाही. एवढंच सांगतो की नोशिरने विनोद करणं बंद केलं. मी बातम्या वाचायचो, तो छताकडे बघायचा. कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांनी पलंगाची कड धरलेली. एकदा मध्येच म्हणाला, "थांब," आणि मी वर्तमानपत्र मिटून ठेवलं.

एका दुपारी मी गेलो तर पेरीन नळाखाली बोट धरून उभी होती. पाणी लालसर होऊन वाहत होतं. नोशिर पलंगावर बसला होता, भिंतीला टेकून, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती.

झालं होतं असं. कळ आली तेव्हा डबी हाताशी नव्हती. पेरीन त्याचं तोंड पुसत होती. त्याने दात आवळले ते तिच्या बोटावर. आणि ती ओरडली नाही. त्याची कळ ओसरेपर्यंत बोट तसंच राहू दिलं.

"ती ओरडली का नाय?" तो मला विचारत होता. "खळ्या, तिला विचार. मला सांगायचं ना. मी चावतोय हे मला कळलंच नाय."

नळापाशी पेरीन म्हणाली, "पप्पा, तुमचं दुखणं दिसतं असं तुम्ही म्हणता ना? आज निदान थोडं माझ्याही हातात आलं."

तिने नळ बंद केला. मग नोशिर म्हणाला, "ती बाटली दे."

पेरीन हलली नाही.

"दे डीकरी. आणि त्या रेवतीला बोलव. तिला सांग, येडा भेटला. पण लवकर ये म्हणावं, येड्याचा विचार फिरला तर पंचाईत."

"पप्पा, नुसतं औषध घ्या. तुकडा द्यायची काही गरज नाही."

"अरे वा! टोस्टरमध्ये जायचं आणि वर काहीच द्यायचं नाय? फुकट?" तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या ओठाची एक कड वर गेली. "अंग पक्ष्याला देता येत नाय, तर निदान पक्ष्याच्या पेशीला देतो. ताटलीत तर ताटलीत."

संमतीवर सही करताना त्याने चष्मा मागितला. साक्षीदार म्हणून मी सही केली. आजवर माझ्या सहीखाली छापलेल्या मजकुरात याच्याइतकं गंभीर काही नव्हतं.

मॉर्फिन सुरू झालं. पहिल्या दिवशी तो झोपला. दुसऱ्या दिवशी उठून त्याने अंडं मागितलं, पेरीनला शिव्या दिल्या की ते कच्चं आहे, आणि मला विचारलं, "चंद्रावरच्या पालकाचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, सुकला. तो म्हणाला, "मालक नसला की असंच व्हायचं." आमचे काही चांगले रविवार झाले. पेरीन पलंगाशी बसून शाळेच्या वह्या तपासायची आणि तो तिला चुकीच्या राजधान्या सांगायचा. त्याच्या हाताची पकड सुटली होती. शेवटी शेवटी तो नुसता तिचं दुखरं बोट धरून पडायचा.

तो गेला त्या सकाळी रेवती आली, आतल्या खोलीत दार लावून आपलं काम केलं, आणि बर्फाची पेटी छातीशी धरून निघून गेली. मी एरवद फ्रेदूनना बोलवायला गेलो. ते अगियारीच्या पायरीपर्यंत आले.

"खळेसाहेब, नोशिर माझा मित्र होता. माझ्या नाकावरचा चष्मा त्याचा आहे. पण कापलेल्या देहावर, आणि तोही आगीत जाणाऱ्या, मला गेह-सारणा म्हणता येणार नाही. माझ्या बापानेही म्हटली नसती." गेह-सारणा म्हणजे देह घराबाहेर काढतानाची त्यांची प्रार्थना.

"धर्माचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहे," मी म्हणालो. मला ते खोचून म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते साधं वाक्य.

विद्युतदाहिनीत पेरीनने स्वतःच जेवढं पाठ होतं तेवढं म्हटलं. मध्ये एकदा अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दाहिनीचा कर्मचारी बटणावर हात ठेवून ती संपेपर्यंत थांबला.

पेशींचं काम सावकाश चालतं. पुन्हा पुन्हा करून पाहावं लागतं, दुसऱ्या प्रयोगशाळेने ताडून पाहावं लागतं. ऊन तापायला लागलं होतं तेव्हा रेवती पेरीनकडे आली. योगायोगाने मी तिथे होतो. खरं म्हणजे योगायोग कसला, रविवार होता आणि मला दुसरीकडे जायची सवय नव्हती.

रेवती उभ्यानेच बोलली. "पेशी तगल्या. सगळ्या ताटल्यांत. औषधांची यादी ठरवणाऱ्या समितीने मॉर्फिन चालणाऱ्या औषधांत घातलंय. यंत्र आता लाल दाखवणार नाही."

पेरीनने पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला. "म्हणजे पप्पांना..."

"हो."

"बाटली पहिल्या दिवशीच उघडली असती तरी..."

"हो. आणि दोखमाही मिळायला हरकत नव्हती. आज कळतंय."

अशा वेळी माणूस रडतो, किंवा वस्तू फेकतो. पेरीनने ग्लासखाली ओला गोल उमटला होता तो पदराने पुसला. मग पुन्हा पुसला. म्हणाली, "ते दिवस कुठे गेले, ताई? दुखण्याचे? ते कोणी घेतले?"

रेवती पाणी न पिता गेली, आणि तिला जिन्यात रडताना मी ऐकलं.

मी ती बातमी माझ्या सदरात घेतली. विज्ञानाच्या बातम्यांत, तीन ओळी, शेरा न मारता. संपादकांचा फोन आला की खाली विनोद छापायचा राहिला आहे का.

पुढच्याच आठवड्यात, संध्याकाळी दिवेलागणीला, पेरीनच्या दारावर थाप पडली. मी व्हरांड्यातच होतो. बाहेर एरवद फ्रेदून उभे होते. डोक्यावर पांढरी पगडी, अंगात पांढरा डगला, पायांत मात्र घरातल्या सपाता.

ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "पेरीन, मम्मीचं तुला माहीत असेल."

गावाला माहीत होतं. एरवदांच्या आई गुलबाईंच्याही हाडांत तेच उतरलं होतं. अगियारीमागच्या घरातून त्यांचं कण्हणं आता रस्त्यावर ऐकू यायचं.

"डॉक्टरांनी बाटली दिली आहे," ते म्हणाले. "आता ती चालते. मम्मीला दोखमाही मिळेल. सगळं नियमात बसतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण तुला विचारल्याशिवाय मला ती उघडवेना. ज्याच्यामुळे चालते, त्याच्यावर मी दोन शब्द म्हटले नाहीत. पेरीन, मी उद्या पहाटे नोशिरच्या नावाने सगळ्या प्रार्थना करतो. राहिलेल्या सगळ्या. तू ये. मग तू म्हणशील तर..."

पेरीन त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय काय म्हणता आलं असतं, ते सगळं मी मनात लिहून काढत होतो, आणि त्यातलं एकेक वाक्य झणझणीत होतं.

ती म्हणाली, "म्हणजे गुलआंटींना अजून दिलं नाही?"

"नाही. आधी तुझी..."

"फ्रेदूनकाका, त्यांना आत्ता दुखतंय!"

"हो, पण नोशिरच्या प्रार्थना..."

"त्या उद्या करा, परवा करा, नका करू. जा. आधी औषध द्या. पळा!"

एरवद वळले, डगल्याचा घोळ दोन्ही हातांनी वर उचलला, आणि उतारावरून पळत सुटले. एक सपात वळणावर निसटली. ती घ्यायला ते थांबले नाहीत.